सांडलेल्या पाण्याचं माप

३ मार्च, सोम.
तीन लिटरचं माप आज पुरं झालं. व्यास चौदा, उंची साडेएकोणीस सेंमी. हिशोबाने दोन मिली जास्त भरतं, म्हणून काठ कानशीने घासून घेतला. आतून कल्हई. सरकारी यादीत तीन लिटरचं माप नाहीच. एक, दोन, पाच, दहा, वीस. तिनावर शिक्का बसत नाही, दुकानात सापडलं तर जप्त होतं. सत्तावीस वर्षं लोकांची मापं दुरुस्त करतोय, लायसन आहे, आणि आज पहिल्यांदा बेकायदा माप बनवलं. पोरांच्या कोड्यासाठी.
शाळेतल्या कदमबाईंनी गळ घातली होती. १२ एप्रिलला खालापूरला दोन तालुक्यांची गणित स्पर्धा आहे, त्यात मापांची कोडी येतात, पाच मुलं देते, सर, तुम्ही तयार करा. मी सर नाही. दहावी नापास आहे. पण त्यांच्या पुस्तकातल्या उत्तरात एक पायरी गाळलेली होती ती मी बोट ठेवून दाखवली.
सुमनचं पाणी : सकाळ १५०, चहा १००, जेवण १५०, गोळ्या ५०, दुपार १००, चहा ५०, रात्र १५०. एकूण ७५०. बरोबर.

५ मार्च, बुध.
पहिला वर्ग. सोम-बुध-शनि, पडवीत, दुपारी तीन. सकाळची शाळा असल्याने पोरं मोकळी. पाच लिटरचं माप डेअरीचं जुनं, पोचे काढून सरळ केलेलं. कोडं नेहमीचं : एक माप पाचाचं, एक तिनाचं, मधे खूण नाही, अंदाज चालणार नाही. बरोबर चार लिटर काढा.
ओम म्हणजे रिक्षावाल्याचा पोरगा. म्हणतो, काका, दुकानातून चारचा कॅनच आणू का. सगळे हसले. मी हसलो नाही, म्हणून परत हसले. मला मागून मापकाका म्हणतात, माहीत आहे.
सायली म्हणून एक मुलगी. मूळची ठाकुरवाडीची, इथे दहिवलीला मामाकडे राहते. सहावी. पूर्ण तासभर गप्प. उठताना विचारते, "काका, चार लिटर कुणाला पायजेल?" म्हटलं, कुणाला नाही. गणितात कुणाला लागत नाही, फक्त काढायचं असतं. तिला पटलं नाही, तसं तोंडावर दिसलं.
वर्गाला गोडं पाणी वापरतो. बोअरचं वापरलं की क्षाराचा थर आतून बसतो आणि माप बारीक होत जातं. गोडं पाणी सकाळी पाऊण तास येतं. टाकून द्यायचं ते बादलीत. बादली सुमन झाडांना घालते.

७ मार्च, शुक्र.
सुमनला घेऊन खोपोलीचं डायलिसिस सेंटर. मंगळवार-शुक्रवार, चार-चार तास. तिच्या दोन्ही किडन्या थांबल्याला आता चौदा महिने. आत गेलेलं पाणी आतच राहतं, मशीन काढतं तेवढंच. कोरडं वजन ४६. दोन खेपांच्या मधे अडीच किलोच्या वर वाढू नये, असं डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं. आज ४८.१. म्हणजे २.१. चांगलं.
मशीनचा आवाज एकसारखा. पहिल्या महिन्यात त्रास व्हायचा. आता ऐकू येत नाही. तिच्या शेजारी बसून दुसरं कोडं लिहिलं, आठ-पाच-तीनचं. तिने विचारलं काय लिहिता. सांगितलं. "पान्याचंच व्हय," म्हणाली आणि डोळे मिटले.

९ मार्च, रवि.
तिची बहीण बेबी लोधिवलीहून आली. कलिंगड घेऊन. कलिंगडात शेकडा नव्वद पाणी. मी एक फोड तोलली, एकशे दहा ग्रॅम, तेवढीच दिली आणि दुपारच्या पाण्यातून शंभर वजा केले. बेबी बघत बसली. म्हणाली, "दाजी, थुंकी पन तोलून घेता का हो?" सुमन हसली. बऱ्याच दिवसांनी.
माठावर पेन्सिलची रेघ मारली आहे. हंड्यावर रंगाची. पिंपावर बाहेरून काचेची नळी. सकाळ-संध्याकाळ पाहतो. हे तिला वाईट म्हणून नाही. तहान माणसाचं ऐकत नाही, माप ऐकतं.

११ मार्च, मंगळ.
४८.९. वाढ २.९.
विचारलं. नाय, म्हणाली. बर्फ? नाय. आंघोळीचं? बोअरचं मचूळ पाणी कोण पिईल. तेही खरं.
रेघा जागच्या जागी. वही तपासली. ७५०, ७५०, ७५०, ७५०.

१२ मार्च, बुध.
सायलीने चार लिटर काढले. पण माझ्या रीतीने नाही. माझी रीत : पाच भर, तिनात ओत, दोन उरतात; तीन रिकामं कर, ते दोन त्यात घाल, पाच परत भर, एक ओत. चार राहिले. सहा पायऱ्या. तिची उलटी. तीन भरते, पाचात घालते, परत तीन भरते, पाच काठोकाठ करते, तिनात एक उरतं. पाचाचं सगळं ओतून देते, एक त्यात घालते, परत तीन भरून घालते. चार. पण आठ पायऱ्या.
लांबचा रस्ता आहे, म्हटलं. स्पर्धेत पायऱ्या मोजतात.
म्हणाली, "पन काका, तुमच्यात धा लिटर लागतं. माझ्यात नऊच."
मोजलं. खरं आहे. माझ्या रीतीत दहा भरावे लागतात, चार मिळतात, सहा वाया. तिच्यात नऊ, चार, पाच. सत्तावीस वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नाही. विचारलं कसं सुचलं. तर म्हणे घरी पाणी खालून वर चढवावं लागतं, डोक्यावर, आई म्हणते एक तांब्या सांडलास तर एक खेप तूच जा.
ओम : "हिला गनित नाय येत काका, हिला फक्त कंजूशी येते." तिने त्याला माप फेकून मारलं असतं. माप माझं होतं म्हणून थांबली.
फळ्यावर दोन्ही रीती ठेवल्या. एकाखाली 'पायऱ्या कमी', दुसरीखाली 'पाणी कमी'.

१४ मार्च, शुक्र.
धुळवड. सेंटर चालू. रस्त्यात पोरांनी स्कूटर अडवली, पुढे पेशंट आहे म्हटल्यावर फक्त माझ्या गालाला लावलं. वाढ २.४. बरं.
सुमनच्या कपाळाला त्यांनी टिकलीएवढा रंग लावला होता. तिने तो चार तास पुसला नाही.

१८ मार्च, मंगळ.
४९.४. वाढ ३.४. तीन तासांनी पायात गोळे आले, ओरडली. प्रेशर ऐंशीवर. मशीन हळू केलं. सगळं पाणी निघालंच नाही, आठशे आत राहिलं.
मी पाय चोळत होतो आणि मनात बेरीज चालू होती. साडेसातशे गुणिले चार, अधिक भाजी-भातातलं, वजा घाम. कशीही मांडली तरी एक लिटर जास्त येतो. कुठून, ते कळत नाही.
काट्यावर संशय आहे. असे काटे सरकतात.

१९ मार्च, बुध.
वर्ग. सायलीने नवीन काढलं : बादलीतलं पाणीपण मोजायचं. म्हणे नऊ भरलं, चार मापात हाय, म्हणजे बादलीत पाच पायजे, तरच उत्तर खरं. हे मला आवडलं. ताळा करणारी माणसं कमी असतात. एक लिटरच्या मापाने मोजलं. ४ लिटर ४८०. पाचशेवीस कमी.
ओतताना भांड्याला चिकटून वीस-तीस मिली जातंच, ते मी धरतो. पाचशे नाही जात. फरशी पाहिली, कोरडी. सुमन उंबऱ्यात तांदूळ निवडत बसली होती, तिने पाय वर घेतले. पोरं गेल्यावर माझं तीन लिटरचं माप तपासलं. सांध्याचा वितळलेला डाख कुठे आत उतरून जागा खात असेल असं वाटलं. काहीही खोट नाही. तीन वेळा पाहिलं. ३०००, ३०००, २९९९.
रात्रभर डोक्यात तेच. माझ्या हातचं माप चुकणार नाही.
अबोली वाळायला लागली आहे. ऊन फार.

२१ मार्च, शुक्र.
दुकानातली वीस किलोची दोन आणि पाच किलोचं एक, अशी शिक्क्याची वजनं पोत्यात घालून सेंटरला नेली. सुमन म्हणाली, मी लाजेनं मरीन. रिक्षा करावी लागली, ओमच्या बापाची.
सेंटरच्या टेक्निशियन पोराने आधी हसून घेतलं, मग बाजूला झाला. पंचेचाळीस किलो ठेवले. काटा ४५.०५. पन्नास ग्रॅमचा फरक, तो माफीत बसतो. चार कोपऱ्यांवर ठेवून पाहिलं. तेच.
"बसला विश्वास काका?"
म्हटलं, काट्यावर बसला.
वाढ २.६. चौथ्या खाटेवरच्या म्हाताऱ्या बाई सुमनला म्हणाल्या, नशीबवान हायस गं, एवढं करनारा नवरा. सुमनने पांघरूण ओढून घेतलं.

२३ मार्च, रवि.
बेबी आली. सरळ विचारलं, तू हिला चोरून पाणी देतेस का. ती दर रविवारी येते, मंगळवारी वजन वाढलेलं असतं. दोन आणि दोन.
बेबी म्हणाली, "दाजी, सक्खी भैन हाय ती माजी. मी तिला मारीन व्हय?" चहा न घेता उठली. दारातून सुमनकडे बघून, "तू पन बोलू नको काय. गप बस अशीच."
सुमनने भांडी घासली. मी तिला घासू देत नाही खरं तर.

२६ मार्च, बुध.
बादली बरोबर आली. शनिवारी ५ लिटर, सोमवारी ५ लिटर, आज ५ लिटर. सायलीच मोजते, फळ्यावर लिहिते. त्या दिवशीचं काहीतरी पोरांच्याच हातून सांडलं असणार. मापाचा दोष नव्हता हे सिद्ध झालं. बरं वाटलं. बरं वाटलं एवढं लिहितो, खरंतर काही वाटत नाही हल्ली.
घरी जाताना सायलीने ओमकडे पाणी मागितलं. स्वतःची निळी बाटली असते, पाचशेची. रिकामी होती. उन्हाने.

३० मार्च, रवि.
पाडवा. गुढी उभारली. बेबी आली नाही. पुरणपोळी अर्धी, दूध नाही. सु. ७५०.
चेहरा सुजलेला वाटतो. बोटाने नडगी दाबली, खळगा तसाच राहिला. उद्या सोमवार, परवा मशीन. निघेल.

३१ मार्च, सोम.
वर्ग चालू असताना साडेतीनला सुमनला दम लागला. उंबऱ्यातच. बसता येईना, आडवं होता येईना. ओठ निळे. पोरं उभी राहिली. ओम धावत जाऊन बापाला घेऊन आला, रिक्षा थेट पडवीला लावली. खोपोलीपर्यंत ती माझा शर्ट धरून होती, वरचं बटण तुटलं.
५०.६. वाढ ४.६.
निघताना मागे पाहिलं तेव्हा सायली बादलीपाशी उभी होती, हातात निळी बाटली, झाकण उघडं.

१ एप्रिल, मंगळ.
रात्र तिथेच. आज परत मशीन. डॉक्टर म्हणाले छातीत पाणी भरलं होतं, हृदय सुजलंय. आठवड्याला तीनदा करा आता, मंगळ-गुरु-शनि. आणि म्हणाले, यापुढे असं झालं तर तुम्ही वेळेत पोचालच असं नाही.
मी वही दाखवली. सगळे रकाने. पाच महिन्यांचे. त्यांनी चाळली, परत दिली. "वही चांगली आहे," म्हणाले.
संध्याकाळी घरी आणलं. झोपली.

२ एप्रिल, बुध.
सकाळी पडवीत बसलो. फळा पुसलेला नव्हता. ५ लि., ५ लि., ५ लि. शनिवारच्या खाली सोमवार, खाली बुधवार. त्यानंतरचे २९ आणि ३१ पण, ५ लि.
पंधरा मिनिटं बघत होतो.
पाच येऊच शकत नाही. आठ वेळा ओतलं की भांडी ओली राहतात, थेंब जातात. ४ लिटर ९७०, फार तर ९८०. मी धरतो ते वीस-तीस. बरोब्बर पाच येतं तेव्हा कुणीतरी वरून घातलेलं असतं. दुकानदाराचं माप बरोब्बर भरलं की इन्स्पेक्टर आधी तेच माप उचलतो. हे मला माहीत आहे. मीच लोकांना सांगतो.
अबोलीची माती बोटाने उकरून पाहिली. खाली वीतभर कोरडी. तीन आठवड्यांत तिला पाणी मिळालेलं नाही, किंवा अर्धंमुर्धं.
पोरं तीनला आली. बाकीच्यांना घरी पाठवलं. सायलीला विचारलं, बादलीत बाटली कोण ओततं.
"मी."
का?
"कमी व्हायचं म्हनून." मग, "काकी घेत व्हत्या. फुलपात्रानं. त्या मागत नव्हत्या काका, त्यांना बोलू नका. मीच घालत व्हते. त्या दिवशी मी मोजलं तवा त्या लय घाबरल्या."
म्हटलं, तुला माहीत आहे त्यांना पाणी चालत नाही?
"त्यांना तहान लागते हे म्हाईत हाय."
मी आवाज चढवला नाही. खोटा ताळा करणाऱ्याला माझ्याकडे जागा नाही, उद्यापासून येऊ नकोस, एवढंच म्हटलं. तिने बाटलीचं झाकण नीट फिरवून बंद केलं आणि गेली. चप्पल पडवीतच राहिली.

३ एप्रिल, गुरु.
सेंटर. वाढ १.२, दोनच दिवसांची. घरी आल्यावर तिनेच काढलं.
"पोरीला का बोललात? पानी मी प्याले."
किती?
"मोजलं नाय."
सत्तावीस वर्षांत हे वाक्य कुणी माझ्यासमोर म्हटलेलं नाही. दुकानदार खोटं बोलतात, पण आकडा सांगतात.
म्हटलं, तुला कळतं ना काय होतं ते. परवा मेली असतीस.
म्हणाली, कळतं. मग म्हणाली, "तुमच्या घरात तेवढंच एक पानी व्हतं, ज्याच्यावर रेघ नव्हती."
ओरडली नाही, रडली नाही. भाजीला मीठ कमी आहे म्हणावं तसं म्हणाली. मी उठून दुकानात गेलो. एक तुटका तराजू घेऊन बसलो. त्याचा काटा सरळ केला. तो कुणाचा, कधी आणून दिला, आठवलं नाही.

५ एप्रिल, शनि.
सेंटर. १.४. वर्ग नाही.

६ एप्रिल, रवि.
लोधिवलीला गेलो. बेबीच्या दारात उभा राहिलो. चूक माझी, हे वाक्य चौक गावाच्या फाट्यापासून तोंडात तयार होतं. म्हणालो, कलिंगड बरोबर होतं. एकशे दहा ग्रॅमच दिलं होतं.
बेबी म्हणाली, "इतक्या लांब ह्ये सांगाया आलात?" मग आत वळून, "चहा टाकते. साखर तुमी तोलून घाला."
तिला सगळं सांगितलं. ती पदराने डोळे पुसत होती, मी कप बघत होतो. दीडशेचा कप.

७ एप्रिल, सोम.
वर्ग नाही. ओम एकटा येऊन गेला. सायली शाळेत येते पण कोड्याच्या तासाला बाहेर बसते, म्हणाला. कदमबाईंनी तिचं नाव काढून दुसरं घालायचं का विचारलंय.
सुमनने आतून ऐकलं. ताट वाढताना : "तिचं नाव काढलंत तर मी शनवारी मशीनवर चढनार नाय." धमकी वाटली नाही. वेळापत्रक सांगितल्यासारखं वाटलं. डॉक्टर म्हणालेत की दोन खेपा चुकल्या तरी जीव जाऊ शकतो.
जेवलो. हात धुतले. मग कळलं की जेवलो.

९ एप्रिल, बुध.
मामाचं घर दहिवलीत नळाच्या पलीकडे, पत्र्याचं. सायली हंडा भरत होती. मला बघून हंडा खाली ठेवला नाही. पाणी काठापर्यंत, एक थेंब सांडत नव्हता.
चप्पल दिली. तीन लिटरचं माप दिलं. हे तुझ्याकडे राहू दे, म्हटलं, स्पर्धेपर्यंत सराव कर. तुझी रीत लिही, पाणी कमीची. कुणी पायऱ्या विचारल्या तर सांग मुद्दाम आहे.
"काकी कशा हायत?"
बऱ्या आहेत.
"त्यांना काय सांगू नका मी इचारलं म्हनून." मग हंडा कमरेवर सरकवत, "काका, बाटली मी घालत व्हते ती बादलीत. त्यांना प्याला नाय. त्या प्याल्या त्यातलं काय मी दिलं नाय. खरं सांगते."
माहीत आहे, म्हटलं. माहीत होतं का मला? हो. पण ती बाटली नसती तर बादली कमीच आली असती, आणि मी त्याच आठवड्यात शोधलं असतं. हे तिला सांगितलं नाही. बारा वर्षांची आहे. आणि मीही फळ्याकडे दहा दिवस बघत होतोच की. पाच, पाच, पाच. मला आवडलं होतं ते.

१२ एप्रिल, शनि.
तिकडे खालापूरला स्पर्धा, इकडे मी खोपोलीत खाटेपाशी. पोरांना कदमबाई घेऊन गेल्या. सुमन म्हणाली, जा की तुमी, मी काय पळून जातेय. नाही गेलो. ती मशीनवर चढली, ते बघायला थांबलो, आणि मग चार तास थांबलो.
वाढ १.९. दोन दिवसांत. पुन्हा जास्त. विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

१३ एप्रिल, रवि.
सायली आणि ओम आले. निकाल बुधवारी. कोडं सात आणि चारचं होतं, पाच काढायचे. ओम म्हणतो, सोप्पं व्हतं, पन मला नाय आलं. सायलीने प्रश्नपत्रिकेच्या मागे पूर्ण मांडून आणलं होतं. बरोबर. उत्तराच्या खाली तिने आणखी एक ओळ लिहिलेली, कुणी न विचारलेली : वाया गेलेले पाणी इतके. आणि तिच्याखाली : झाडाला घालावे.
परीक्षक त्याचे मार्क कापतील बहुतेक. कापू देत.
सुमन आतून आली, भिंत धरून. सायलीच्या डोक्यावरून हात फिरवला, कानशिलावर बोटं मोडली. ओम म्हणाला, काकी, माझी पन दृष्ट काढा, मी पन नापास व्हनार हाय. सुमन हसली. पोरं गेल्यावर पडवीत बसून राहिली. बादली रिकामी, उपडी होती. तिच्याकडे बघितलं नाही तिने, मी बघत होतो.

१४ एप्रिल, सोम.
सकाळी माठावरची पेन्सिल खोडरबराने पुसली. हंड्यावरचा रंग टर्पेंटाइनने. पिंपाची काचेची नळी काढून भोकाला बूच मारलं. सुमन विचारत होती काय खुडबुड चाललीय. काही नाही, म्हटलं.
अबोलीला पाणी घातलं. दोन फांद्या हिरव्या आहेत अजून, बाकी खाली कापून टाकल्या.
दुपारी तिच्या उशाशी पितळी तांब्या भरून ठेवला. आईच्या वेळचा, पोट बाहेर आलेला, गळा आत गेलेला. त्यात किती मावतं ते मी कधी मोजलेलं नाही, आजही नाही. सांगितलं, हे तुझं. दिवसाचं किती ते तुला माहीत आहे, डॉक्टरांनी तुलाच सांगितलंय. मी विचारणार नाही.
तिने तांब्याकडे पाहिलं. "आनि वही?"
वहीपण तुझी.
"मला कुठं लिवता येतंय तुमच्यासारखं," म्हणाली, पण वही उशीखाली घेतली.
चार वाजता गेलो तर झोपली होती. तांब्या भरलेला. तसाच होता की पिऊन परत भरला, ते कळायला मार्ग नाही. गळा अरुंद आहे, बोट घातलं तर कळेल. दारात उभा राहिलो. ओठांवर ओल होती की घाम, तेही इथून दिसेना.
बोट घातलं नाही.
उद्या मंगळवार. काटा बरोबर आहे, मी स्वतः तपासलाय.